फुगलेला डबा : सौर रेडिओ आणि 'सीलबंद' बॅटरी

चाकणच्या पुढे नाशिक रस्त्यालगतच्या एका गावातील शाळेत काही वर्षांपूर्वी मे महिन्यात जाण्याचा योग आला. शाळेने मोठ्या हौसेने 'रेडिओ-कोपरा' उभारला होता. छपराच्या पत्र्यावर सौर पट्टी, आत भिंतीवर लोखंडी पेटीत बारा व्होल्टची बॅटरी, शेजारी रेडिओ आणि पटांगणात कर्णा. आमच्या औद्योगिक पट्ट्यात दुरुस्तीच्या कामांसाठी गुरुवारी वीज जाते, त्या दिवशीही मुलांना कार्यक्रम ऐकता यावेत हा हेतू. मी गेलो तेव्हा मात्र रेडिओ मुका होता. पेटी उघडली तर बॅटरीच्या दोन्ही बाजू पोट सुटल्यासारख्या फुगलेल्या, आणि डबा हात ठेववणार नाही इतका तापलेला. तेथील सर म्हणाले, "ही सीलबंद आहे ना? पाणी घालायचे नाही, आम्ल सांडत नाही, म्हणून तर ही घेतली. मग हिला झाले तरी काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर 'सीलबंद' या शब्दातच दडलेले आहे, कारण ही बॅटरी खऱ्या अर्थाने सीलबंद नसते.

प्रथम जुन्या ओळखीच्या बॅटरीची उजळणी करू. फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांपासून पुन्हा पुन्हा प्रभारित करता येईल असा विद्युत् घट बनवला. आजच्या बॅटरीतही मूळ रचना तीच आहे. धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल. बॅटरी वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. प्रभारित करताना हेच उलट घडते. एका घटाचे विभवांतर सुमारे दोन व्होल्ट, म्हणून बारा व्होल्टसाठी असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात.

बॅटरी पूर्ण भरल्यावरही प्रवाह चालूच ठेवला तर काय होईल? पट्ट्यांवर रूपांतर करण्याजोगे सल्फेट उरलेले नसते, म्हणून प्रवाह आम्लातील पाण्याचेच विघटन करू लागतो. नववी-दहावीच्या वर्गात आपण दाखवतो तोच हा प्रयोग. धन पट्टीवर ऑक्सिजन आणि ऋण पट्टीवर हायड्रोजन. ट्रकच्या बॅटरीला अधूनमधून ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते ते यासाठीच.

हे पाणी वाया जाऊ नये म्हणून दोन युक्त्या निघाल्या. जर्मनीत १९५० च्या दशकात आम्लात बारीक सिलिका मिसळून त्याची खळ बनवण्यात आली, ही 'जेल' बॅटरी. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पट्ट्यांच्या मध्ये काचतंतूंची टिपकागदासारखी गादी घालून तिच्यात आम्ल शोषून ठेवण्याची पद्धत आली. आपल्या बाजारात मिळणाऱ्या यूपीएसच्या बॅटऱ्या बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे 'एजीएम' असतात. यातील खुबी अशी की, ती गादी आम्लाने शंभर टक्के भिजवत नाहीत. तिच्यात मुद्दाम थोडी कोरडी भोके ठेवतात. भरत आलेल्या बॅटरीत धन पट्टीवर आधी ऑक्सिजन निघू लागतो. तो या भोकांतून थेट ऋण पट्टीकडे जातो आणि तेथे पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो. ऋण पट्टी यात गुंतून राहिल्यामुळे तिच्यावर हायड्रोजन फारच थोडा निघतो. पाणी घरातल्या घरातच फिरत राहते.

पण या पुनर्संयोगाला मर्यादा आहे. भोकांतून ठरावीक वेगानेच ऑक्सिजन जाऊ शकतो. प्रवाह त्याहून जास्त झाला तर वायू साठतो, दाब वाढतो, आणि मग झाकणाखालची रबरी टोपी किंचित उचलली जाऊन वायू बाहेर पडतो. ही टोपी म्हणजेच झडप. तंत्रज्ञ या बॅटरीला 'झडप-नियंत्रित' म्हणतात, आणि तेच नाव खरे आहे. प्रेशर कुकरला आपण सीलबंद भांडे म्हणत नाही, तसेच हे. त्या झडपेतून एकदा गेलेले पाणी परत घालता येत नाही. काही ठिकाणी मेस्त्री वरचे झाकण टोकराने उचकटून पाणी घालून देतात. त्याने बॅटरी चार दिवस चालल्यासारखी वाटते खरी, पण झडपेची बैठक बिघडते आणि गादीतली भोके बुजून पुनर्संयोगच थांबतो. हा उद्योग करू नये.

आता त्या शाळेकडे परत जाऊ. चौकशी केल्यावर कळले ते असे. पट्टी आणि बॅटरी यांच्या मध्ये असणारा प्रभार-नियंत्रक मार्चमध्ये बिघडला होता. कोणीतरी तो काढून पट्टीच्या तारा थेट बॅटरीला जोडून दिल्या, 'आता भरते आहे ना, झाले तर!' मग परीक्षा आल्या, सुट्टी लागली. रेडिओ कोणी लावेना, म्हणजे बॅटरीतून काही खर्च होईना. इकडे ऊन मात्र रोज सहा-सात तास कडक.

बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी विकली जाणारी छत्तीस घटांची सौर पट्टी काही न जोडता मोजली तर सुमारे एकवीस व्होल्ट दाखवते. चाळीस वॅटची असेल तर भर दुपारी दोन अँपिअरच्या वर प्रवाह देते. भरलेल्या बॅटरीला अशी थेट जोडली की तिचे विभवांतर पंधरा व्होल्टच्या पुढे सरकते. पंधरा व्होल्ट गुणिले दोन अँपिअर म्हणजे तीस वॅट. साध्या बॅटरीत यातील काही ऊर्जा पाणी फोडण्यात खर्ची पडून वायूंबरोबर निघून जाते. पण झडप-नियंत्रित बॅटरीत ऑक्सिजन परत पाणी होतो, आणि ती ऊर्जा उष्णता बनून आतच राहते. सोल्डरिंगची छोटी कावी बंद पेटीत दिवसभर चालू ठेवावी तसे हे झाले. वर पत्र्याचे छप्पर आणि मे महिना.

येथून पुढे एक दुष्टचक्र सुरू होते. बॅटरी तापली की त्याच विभवांतराला ती अधिक प्रवाह घेते. अधिक प्रवाह म्हणजे अधिक उष्णता. पाणी उडून गादी वाळू लागली की भोके वाढतात, ऑक्सिजनला वाट अधिक मोकळी होते, पुनर्संयोग वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. अखेर प्लास्टिकचा डबा मऊ होऊन आतल्या दाबाने फुगतो. आपल्याला फुगलेला डबा दिसतो तेव्हा ही गोष्ट शेवटच्या प्रकरणात आलेली असते. अशी बॅटरी दुरुस्त होत नाही, तिला पुन्हा प्रभारित करून पाहण्याचा मोहही टाळावा. आधी सौर पट्टीवर जाड कापड टाकून किंवा तिची तार सोडवून प्रवाह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर ठेवावे आणि ती थंड झाल्याशिवाय हात लावू नये.

दारे उघडायची ती कशासाठी, याचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखे आहे. फॅरडेच्या नियमाप्रमाणे एका घटातून एक अँपिअर प्रवाह एक तास गेला, आणि तो सगळा पाणी फोडण्यातच खर्च झाला, तर साधारण खोलीच्या तापमानाला ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. सहा घटांचा मिळून २.७ लिटर. हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. आता चाळीस लिटरची घट्ट बंद पेटी घ्या. तिच्या चार टक्के म्हणजे १.६ लिटर. एक अँपिअर जादा प्रवाहाला हे व्हायला सुमारे छत्तीस मिनिटे पुरतात! चांगल्या स्थितीतील बॅटरीत बहुतेक वायूचा पुनर्संयोग होत असल्याने प्रत्यक्षात इतका हायड्रोजन निघत नाही. पण बिघडलेल्या, तापलेल्या बॅटरीबाबत हा हिशेब धरूनच चालावे. त्या शाळेत उंदीर-पाली शिरू नयेत म्हणून पेटीची सर्व भोके चिकटपट्टीने बंद केली होती, आणि नियंत्रणाचा खटका पेटीच्या आतच होता. खटका दाबताना होणारी बारीकशी ठिणगी डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून पेटीला खाली आणि वर, दोन्हीकडे भोके हवीत. हायड्रोजन हवेपेक्षा पुष्कळ हलका, तो वरच्या भोकांतून जातो आणि खालून ताजी हवा येते. पालींसाठी बारीक जाळी लावावी. खटके, रिले, नियंत्रक हे पेटीबाहेर ठेवावेत. बॅटरी आडवी ठेवली तरी चालते असे विक्रेते सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण उलटी ठेवून मात्र कधी प्रभारित करू नये.

नियंत्रक कसा हवा? एजीएम बॅटरीला पंचवीस अंश सेल्सिअसला रोजच्या वापरात साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरायचे आणि नंतर १३.६ च्या आसपास राखायचे असते. नेमके आकडे डब्यावर छापलेले असतात, ते प्रमाण मानावेत. यात तापमानाची मेख आहे. दर अंशामागे बारा व्होल्टच्या बॅटरीचे हे विभवांतर साधारण वीस मिलिव्होल्टने उतरवावे लागते. पत्र्याखालच्या पेटीत पंचेचाळीस अंश असेल तर वीस अंशांचा फरक, म्हणजे ०.४ व्होल्ट. १४.४ चे १४.० करायला हवेत. स्वस्तातल्या नियंत्रकांत ही सोय नसते, किंवा असते पण तापमान ते स्वतःचे मोजतात, बॅटरीचे नाही. तापमान-संवेदकाची तार बॅटरीला चिकटवता येईल असा नियंत्रक थोडा महाग पडला तरी घ्यावा, असे माझे मत आहे. तो घेणे शक्य नसेल तर निदान बॅटरी पत्र्याखालून काढून उत्तरेकडच्या भिंतीशी, जमिनीलगत ठेवावी. तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा ढोबळ नियम आहे. पंचवीस अंशांना पाच वर्षे टिकणारी बॅटरी पंचेचाळीसला सव्वा वर्षात संपते. जागा बदलायला पैसे पडत नाहीत.

अलीकडे आणखी एक घोटाळा दिसतो. घरांच्या गच्चीवर बसतात त्या साठ किंवा बहात्तर घटांच्या मोठ्या पट्ट्या स्वस्त झाल्या आहेत आणि देणगीतही मिळतात. त्यांचे विभवांतर पस्तीस-चाळीस व्होल्टच्या घरात असते. साध्या पीडब्ल्यूएम नियंत्रकातून त्या बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या तर निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते, आणि नियंत्रकाची मर्यादा पंचवीस व्होल्ट असेल तर तो जळतोच. अशा पट्टीला एमपीपीटी प्रकारचाच नियंत्रक हवा.

रेडिओवाल्यांना यात एक वेगळीच डोकेदुखी होते. हे नियंत्रक प्रवाह सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा चालू-बंद करतात. त्यातून निघणारी रेडिओ-गुणगुण मध्यम आणि लघुलहरींवर नेमकी ऐकू येते. दिवसा खरखर आणि सूर्यास्तानंतर स्वच्छ असे असेल तर गुन्हेगार सापडला. खात्रीसाठी पट्टीवर चादर टाकून पाहावे. नियंत्रक रेडिओपासून दूर ठेवणे, पट्टीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घेणे आणि त्या फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेळा गुंडाळणे, यांनी बराच फरक पडतो. खिशातला साधा ट्रान्झिस्टर घेऊन मुलांना हा 'गोंगाट' शोधत फिरू द्या. विद्युतचुंबकीय लहरींवरचा याहून चांगला प्रात्यक्षिक तास मला माहीत नाही.

बॅटरी किती मोठी घ्यावी? हौशी रेडिओ केंद्र असलेल्या शाळेचे उदाहरण घेऊ. (असे केंद्र चालवायला परीक्षा आणि केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, नुसते ऐकायला नाही.) संच ऐकताना अर्धा अँपिअर घेतो, रोज चार तास, म्हणजे दोन अँपिअर-तास. बोलताना पाच अँपिअर, रोज अर्धा तास, म्हणजे अडीच. एकूण साडेचार. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे दोन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा तीन दिवसांचे साडेतेरा. बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असे ठरवले तर सत्तावीस अँपिअर-तास. बाजारात सव्वीसची मिळते, तिच्यावर भागेल. बेचाळीसची घेतली तर निर्धास्त राहाल. निम्म्याखाली का नाही? उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की पट्ट्यांवरचे सल्फेट मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलते आणि मग ते सहजी विरघळत नाही. पावसाळ्यात बॅटऱ्या मरतात त्या याच रोगाने. मे महिना त्यांना जादा खाऊ घालून मारतो आणि ऑगस्ट उपाशी ठेवून.

हा प्रश्न शाळेपुरता नाही. १९९० च्या दशकात दूरसंचार खात्याने हजारो खेड्यांत रेडिओ दुव्यावर चालणारे सार्वजनिक फोन बसवले. जेथे विजेचा भरवसा नव्हता तेथे सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या दिल्या गेल्या. हे तंत्रज्ञान बेभरवशाचे ठरले आणि असे एक लाख ऐंशी हजारांहून अधिक फोन बदलण्याचे काम २००३ नंतर हाती घ्यावे लागले. कारणे अनेक होती, पण दूर गावात वर्षानुवर्षे बॅटरीकडे पाहणारे कोणी नसणे म्हणजे काय, हे आपण समजू शकतो. उलट उदाहरणही जवळच आहे. वर्तमानपत्रांत 'चिंचवड' म्हणून जे तापमान छापून येते ते भारतीय हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्राचे. देशभरातील अशा केंद्रांवर सौर पट्टी, बारा व्होल्टची सीलबंद बॅटरी आणि लहानसा प्रक्षेपक असा संसार असतो. काही केंद्रे उपग्रहाकडे, काही मोबाइलच्या जाळ्यावरून नोंदी पाठवतात. प्रक्षेपक क्षणभरच चालू होतो, त्यामुळे बॅटरी कधी फार उतरत नाही.

आपल्या पट्ट्यातील शाळांना एक सवलत सहज मिळते आणि तिच्यातच धोका आहे. भोसरी, चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत यूपीएसच्या बॅटऱ्या ठरावीक वर्षांनी, चालू असतानाच बदलतात. त्या काढलेल्या बॅटऱ्या शाळेला देणगी म्हणून येतात. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यांतील कोणती अजून दमदार आणि कोणती मरणपंथाला हे डब्यावरून कळत नाही. चोवीस व्होल्टसाठी एक जुनी आणि एक नवी अशा दोन एकापुढे एक जोडल्या तर जुनी आधी रिकामी होते आणि नवी तिच्यातून प्रवाह ढकलतच राहते. भरताना जुनी आधी भरल्यासारखी होऊन तापते. म्हणून अशी देणगी आधी तपासावी.

तपासणी सोपी आहे. सात अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरून एक रात्र तशीच ठेवा. सकाळी १२.८ च्या आसपास व्होल्ट दिसले तर ठीक, १२.४ किंवा खाली असेल तर तेथेच थांबा. मग मोटारीच्या इंडिकेटरचा एकवीस वॅटचा दिवा जोडा आणि दर दहा मिनिटांनी व्होल्ट लिहा. दिवा पावणेदोन अँपिअर घेतो. अकरा व्होल्टला थांबायचे. नवी बॅटरी अडीच ते तीन तास देते. सात भागिले पावणेदोन म्हणजे चार तास यायला हवेत, असे मुले विचारतील, आणि विचारायलाच हवे. डब्यावरचा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो, घाईने घेतले की कमी मिळते. जी बॅटरी तासाभरातच मान टाकते ती शाळेच्या कामाची नाही. चाचणीनंतर लगेच पुन्हा पूर्ण भरावी.

प्रत्येक वेळी तारा जोडताना एक भान ठेवावे. ही छोटी बॅटरी निरुपद्रवी वाटते, पण तिचा अंतर्गत रोध एक दशांश ओहमचाही नसतो, तो सुमारे ०.०२५ ओहम असतो. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर क्षणभर चारपाचशे अँपिअर वाहू शकतात. अंगठी किंवा बांगडी मध्ये आली तर ती लाल होते. हातातले दागिने काढावेत, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन पट्टी गुंडाळावी आणि धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज लावावा. फ्यूज बॅटरीसाठी नसून तारेसाठी असतो, म्हणून तो तारेला सोसेल तितकाच. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडावी, मग सौर पट्टी, शेवटी रेडिओ. काढताना उलट क्रम. फुटलेल्या डब्यातील आम्ल कातडीवर किंवा डोळ्यांत गेले तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि डॉक्टरकडे जावे. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी, डोळ्यांसाठी नाही. आणि वळवाच्या पावसाची गडगड सुरू झाली की अँटेनाची तार संचापासून सोडून खोलीबाहेर ठेवावी.

त्या सरांनी मला शेवटी विचारले, "मग ही फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ का? किलोवर घेतो." बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, म्हणून तिला भाव मिळतो. पण ती कोठे जाते? कोठेतरी मागच्या अंगणात डबे फोडून, आम्ल मातीत ओतून, शिसे उघड्या भट्टीवर वितळवले जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे, आणि त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील आहेत. अशा बेकायदा भट्ट्या हे त्याचे एक मोठे कारण. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि झालेली हानी भरून येत नाही. देशात यासाठी २००१ पासून नियम आहेत, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ज्या शहरात १९६९ पासून एक्साइडचा कारखाना आहे, तेथे अधिकृत विक्रेता शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुनी दिली की नवीच्या किमतीत सूटही मिळते.

सरांनी ती बॅटरी जाड प्लास्टिकच्या घमेल्यात उभी ठेवून, टोकांवर चिकटपट्टी लावून विक्रेत्याकडे नेली आणि पावती घेतली. नवी बॅटरी उत्तरेकडच्या व्हरांड्यात, जाळीच्या पेटीत बसवली. पेटीच्या दारावर एक वही टांगली आहे. रोज प्रार्थनेआधी, ऊन पट्टीवर येण्यापूर्वी, आठवीतला एक मुलगा किंवा मुलगी तिच्यात व्होल्ट आणि तापमान लिहिते, आणि सुट्टीत हे काम शाळेशेजारच्या घरातील मुलांकडे असते.